जाळायला मागितलेली कॅसेट

राजा एदुआर्द स्वतः चालत दारात आला, तेव्हाच याकोमिनानं ओळखलं की याला काहीतरी अवघड हवंय. हातुरेसी गावच्या राजाची रीतच तशी. वर्गणी हवी असली तर माणूस पाठवायचा, मतं हवी असली तर बायको पाठवायची, आणि ज्याला समोरच्यानं नाही म्हणू नये असं काही हवं असलं तर स्वतः यायचं. त्यातून हातात गरमागरम केळ्याची भजी. राजा म्हणजे मुकुटबिकुट काही नाही, गावचा प्रमुख. आधी त्याचा बाप होता, आता तो. शाळेत याकोमिनाच्या शेजारी बसून तिची गणितं उतरवून काढायचा, आणि उतरवतानाही चुकायचा.

"मिना, शनिवारी पेलाची शपथ नवी करायचीय," तो म्हणाला. "लेसिनुसाचं सगळं गाव होड्या भरून येणार. गव्हर्नरच्या कचेरीतून पण माणूस येतोय."

"ठाऊक आहे. गाण्याच्या ताफ्यात मला मागच्या रांगेत उभं केलंय. माझा आवाज पुढे घेण्यासारखा नाही म्हणे."

राजा हसला नाही. भजी तिच्यापुढे सरकवली. "जेवणाआधी बाइलेओच्या छपरासमोर एक आग पेटवायचं ठरलंय. दंगलीच्या काळातलं सगळं घाणेरडं साहित्य त्यात टाकायचं. पत्रकं, कॅसेटी, सीड्या. दोन्ही गावांनी मिळून. फोटो निघतील, भाषण होईल, विषय संपेल."

"कुणाचा विषय?"

"सगळ्यांचा."

याकोमिनानं एक भजं उचललं आणि खाल्लं. मागणं कितीही वाईट असलं तरी भज्यांचा त्यात काय दोष?

तिच्या घरामागे दोन खोल्या होत्या. अंबोन शहरातल्या धर्मविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर तिनं त्या बांधल्या. त्यात जे होतं ते दुसऱ्या कुणी घरात ठेवलं नसतं. पंचवीसेक वर्षांपूर्वी या बेटांवर ख्रिश्चन आणि मुसलमान एकमेकांची घरं पेटवत होते. इकडची पोरं डोक्याला लाल फडकं बांधायची, तिकडची पांढरं. त्या आगीत ज्यांनी ज्यांनी तेल ओतलं, त्यांचा शब्द न् शब्द तिनं गोळा केला होता. रात्रीतून दारांखाली सरकवलेली पत्रकं. बाजारात भाजीशेजारी विकल्या गेलेल्या सीड्या. देवाचं नाव घेऊन केलेली भाषणं. एका भिंतीवरची घोषणा तर तिनं गिलाव्यासकट खरवडून आणली होती आणि चार तुकड्यांत कापसात गुंडाळून ठेवली होती. लायडनहून, योग्यकार्ताहून अभ्यास करणारी माणसं यायची, हातमोजे घालून दिवसदिवस बसायची, आणि संध्याकाळी जेवताना कुणाच्याच घशाखाली घास उतरायचा नाही.

"पत्रकं ने," ती म्हणाली. "प्रत्येकाच्या पाचपन्नास प्रती आहेत, एकेक सोडून बाकीच्या पेटव. तुला पत्रकं नकोच आहेत पण. तुला ती कॅसेट हवीये."

राजानं पायातल्या चपलेकडे पाहिलं.

ती कॅसेट. त्या वर्षी एका संध्याकाळी धक्क्यावरच्या कर्ण्यातून ती हातुरेसीच्या पोरांना ऐकवली होती. आपल्या चर्चचा घंटावाला लेफिनुस याला अंबोनच्या बंदराजवळच्या वस्तीतल्या मुसलमानांनी पकडून त्याचा गळा चिरला, असं त्यात सांगितलं होतं. पुढे जे होतं ते पुन्हा लिहिण्याच्या लायकीचं नाही. पोरं त्याच रात्री होड्या घेऊन गेली. बंदराजवळची वस्ती जळाली. त्यात माणसं किती गेली ते हातुरेसीत कुणी मोजलं नाही, लेसिनुसात मोजलं, कारण त्यांचे नातलग तिथे होते. गेलेल्या पोरांपैकी निम्मी परत आली नाहीत. याकोमिनाचा सगळ्यांत धाकटा भाऊ ओतिस न आलेल्यांत होता. त्याला अजून दाढी फुटायची होती. आणि घंटावाला लेफिनुस तीन आठवड्यांनी लेसिनुसाहून ठणठणीत परत आला, तोही बरोबर केळ्यांचा घड घेऊन.

तेव्हापासून गावानं एक वाक्य पाठ केलं होतं: बाहेरच्यांनी भडकवलं. कॅसेट शहरातून आली, कुणीतरी अनोळखी माणसानं आणली, आणि जुन्या राजाचा, म्हणजे एदुआर्दच्या बापाचा आवाज कुणीतरी हुबेहूब काढला. शनिवारी जो संगमरवरी फलक उघडायचा होता त्यावरही तेच कोरलं होतं: बाहेरच्या हातांनी ज्यांची दिशाभूल केली, त्या आमच्या मुलांसाठी. खाली ओतिसचं नाव तिसरं.

"त्याची नक्कल कंप्युटरवर आहेच ना तुझ्या?" राजा म्हणाला. "ती ठेव. अभ्यासवाल्यांना तेवढं पुरे."

"आणि उद्या तुझा मुलगा म्हणेल की हे कंप्युटरनंच बनवलंय."

"बनवतातच की आजकाल. कुणाच्याही तोंडी काहीही घालतात."

"म्हणूनच मूळ फीत हवी, एदु. ती चुंबकाची फीत तेव्हाची आहे, हे कुणीही तपासून सांगेल. ती जळली की उरलेल्या सगळ्याला तू खोटं म्हणायला मोकळा."

राजा खाली बघूनच म्हणाला, "तो माझा बाप होता, मिना."

"आणि ओतिस माझा भाऊ होता. तुझ्या बापाला मी शिव्या घातल्यात कधी? नाव छापलंय कुठे? मी फक्त ठेवलंय. पण ते जाळून वर माझ्या भावाचं नाव त्या फलकावर मिरवाल, तर मी गप्प बसणार नाही. भजी छान झालीत. बायकोला सांग."

राजा उठला. दारात थांबून म्हणाला, "कॅसेट तुझ्याकडे नाहीचे, माहितीये मला."

त्याचं ते बोलणं खरं होतं.

संग्रह सुरू करताना तिनं आणि लेसिनुसाच्या रौफनं एक नियम घातला होता. आपल्या बाजूचं विष आपणच ऐकायचं आणि आपणच नोंदवायचं. दुसऱ्याच्या शिव्या मोजणं सोपं असतं, आपल्या माणसाच्या तोंडून आलेल्या ऐकताना कानशिलं तापतात, म्हणून. पण मूळ वस्तू मात्र पलीकडच्या गावात ठेवायची. हातुरेसीच्या कॅसेटी लेसिनुसात, लेसिनुसाच्या हातुरेसीत. म्हणजे आपल्यातल्या कुणाला लाज वाटून जाळावंसं वाटलं, तरी हात पोचू नये. पंधरा वर्षं हा नियम अभेद्य वाटत होता. आणि त्यात भलं मोठं भोक होतं, ते म्हणजे खुद्द पेला.

पाच-सहा पिढ्यांपूर्वी या दोन गावांच्या म्होरक्यांनी ताडीत एकमेकांचं रक्त कालवून प्यायलं होतं. एका गावात चर्च, दुसऱ्यात मशीद, पण शपथ एकच: आजपासून भाऊ. भावाच्या बागेतलं फळ न विचारता तोडायचं, भावाच्या घरात लग्न करायचं नाही, आणि भावानं पेलाच्या नावानं काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. सगळी बेटं पेटली होती तेव्हाही ही दोन गावं एकमेकांवर गेली नव्हती. लेफिनुस तीन आठवडे लेसिनुसात सुखरूप राहिला तो त्याच शपथेवर.

दुसऱ्या दिवशी राजा काळा अंगरखा घालून, तीन म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन, पानसुपारीचं तबक पुढे धरून लेसिनुसाला गेला आणि भर मशिदीच्या आवारात त्यानं पेलाच्या नावानं ती कॅसेट मागितली.

याकोमिनाला हे मासळीवालीकडून कळलं. तिनं चुलीवरची पापेडाची पेज तशीच सोडली, आणि पहिली होडी गाठली.

रौफचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान लेसिनुसाच्या धक्क्याला लागूनच होतं. आता रेडिओ कुणी आणत नसे, मोबाइलच्या काचा बदलून तो पोट भरायचा. पण मागच्या फळीवर पाच जुने टेपरेकॉर्डर त्यानं पोटच्या पोरांसारखे जपले होते. बुरशी आलेली फीत कापसानं पुसायला त्याचा हात फार हलका. डब्यात कीड लागू नये म्हणून तो प्रत्येक कॅसेटीभोवती मूठभर वाळल्या लवंगा टाकायचा. त्यामुळे इतक्या द्वेषानं भरलेल्या त्या फितींना सणाच्या स्वयंपाकाचा वास यायचा.

"ये उसी," तो म्हणाला. तिच्याहून चार वर्षांनी लहान, म्हणून कायम उसी, थोरली बहीण. "कॉफी टाकू, का आधी शिव्या घालून घेतेस?"

"दिलीस?"

"हो म्हटलंय. शनिवारी द्यायची, सगळ्यांसमोर."

"वा! शाबास! पंधरा वर्षं डोळ्यांत तेल घालून राखली, आणि एका पानाच्या विड्यावर दिलीस. त्यानं तुझं दुकान मागितलं असतं तर?"

"दिलं असतं."

"बायको?"

"तिला विचारून दिली असती." रौफनं कॉफीत बदामाचे काप टाकले आणि कप तिच्यापुढे ठेवला. "उसी, तुझ्या लोकांनी मागितलं. इमाम शेजारी उभा, सगळं गाव बघतंय. मी नाही म्हणालो तर आजपासून पेला मोडला. मग त्या कॅसेटीत जे सांगितलंय ते खरं करणारे आपणच, नाही का?"

तिचं डोकं आणखीच फिरलं. ती दुकानात येरझारा घालू लागली. रौफ शहाणा होता. तो काचा बदलत राहिला.

"लाव," ती शेवटी म्हणाली. "एकदा लाव."

"कितीदा ऐकणार आहेस?"

"लाव म्हटलं ना."

त्यानं लवंगा झटकल्या, कॅसेट घातली. आवाज दबलेला, जाडसर, बंद खोलीत तोंडापाशी धरून बोलल्यासारखा. तो जुन्या राजाचा आहे हे याकोमिनाला पहिल्या शब्दाला कळायचं, पण कोर्टात कुणी शपथेवर सांगू शकणार नाही इतपत दबलेला. म्हणूनच नकलेची गोष्ट गावात खपली. ती त्या आवाजाची वाट बघत नव्हतीच. लेफिनुसचा गळा चिरला, हे वाक्य आलं आणि त्याच्या मागून, लांबून, खिडकीबाहेरून ऐकू आलं: टण, टण, टण. मग ठोका चुकल्यासारखी खोट. मग टण.

लेफिनुसच्या उजव्या हाताची दोन बोटं लहानपणी मासे मारायच्या बाँबनं उडवली होती. दोर ओढताना दर तीन ठोक्यांनंतर त्याचा हात घसरायचा, आणि तो पुन्हा पकड घ्यायचा. बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी वाजणारी घंटा हातुरेसीशिवाय कुठेच नव्हती. मेलेला माणूस स्वतःच्या मरणाच्या बातमीमागे संध्याकाळची घंटा वाजवत होता. म्हणजे कॅसेट शहरात नाही, गावातच भरली होती. आणि भरणाऱ्याला तेव्हा माहीत होतं की लेफिनुस जिवंत आहे.

घंटा तिला पाचव्यांदा ऐकताना सापडली होती. लिहिलेल्या नोंदीत तिनं 'मागे घंटा' एवढंच टिपलं होतं. पुढचं तिनं रौफखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. संग्रह राखणाऱ्यानं न्यायाधीश होऊ नये, असं ती मनाला बजावायची. पण खरी गोष्ट अशी होती की लेफिनुसकडे, सगळ्या गावाच्या आजोबांकडे जाऊन, ओपा, तुमच्या नावावर आमची पोरं मेली आणि पलीकडची माणसं जळाली, हे म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती.

रौफनं टेप थांबवला. "माझी मावशी त्या वस्तीत होती," तो म्हणाला. ती माहिती याकोमिनाला नवी नव्हती. तरी तो दर वेळी हे म्हणायचा, आणि ती दर वेळी मान हलवायची.

मग ती एकदम त्याच्याकडे वळली. "पेलानं मागितलं की नाही म्हणायचं नाही."

"तेच सांगतोय मघापासून."

"कुणीच?"

रौफचा हात थांबला.

"मी एदुकडे पेलाच्या नावानं काही मागू शकत नाही," ती म्हणाली. "मी त्याच्याच गावची. पण तू मागू शकतोस. डबा त्याच्या हातात द्यायचा, आणि तिथेच, सगळ्यांसमोर, मागायचं: जाळायच्या आधी एकदा ऐकवा."

रौफनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. बाहेर कुणीतरी होडीचं इंजिन चालू करायला धडपडत होतं.

"कळतंय का तुला काय मागतेयस?" तो म्हणाला. "माझं सगळं गाव तिथे बसणार. म्हाताऱ्या बसणार. मावशीची मुलगी येणार. त्यांनी पाहुणे म्हणून यायचं, आणि बसून स्वतःबद्दल ते सगळं ऐकायचं? कर्ण्यावरून?"

"कळतंय."

"आणि मी इमामला काय सांगू?"

"हेच सांग. ऐकलं तर फीत जळाली तरी दोन्ही गावांची साक्ष उरते. नाही ऐकलं तर शनिवारी जेवण छान होईल, आणि तुझी मावशी बाहेरच्या कुणीतरी जाळली, इथल्या कुणी नाही. निवड तुमची. मी जबरदस्ती करायला आले नाही."

"आली आहेस."

"बरं, आलेय."

रौफ हसला, पण हसू लगेच विरलं. "मग आमचीपण लावायची," तो म्हणाला. "माझ्या चुलत्याची. तुझ्या घरात आहे ती. खाडीत ख्रिश्चनांची बोट बुडवली त्याच्या आदल्या दिवशीची. एकट्या हातुरेसीला चव्हाट्यावर आणून मी मान वर करून घरी परतणार नाही."

याकोमिनाला वाटलं होतं तिनंच आज सगळ्यांची परीक्षा घ्यायची ठरवलीये. तो चुलता अजून जिवंत होता, नव्वदीला टेकलेला, मशिदीच्या पायरीवर ऊन खात बसायचा, रौफच्याच घरी जेवायचा.

"रौफ, ते माफ कर. त्याची गरज नाही."

"तू तुझं बघ, उसी. कॉफी थंड झाली."

शनिवारी हातुरेसीत पाय ठेवायला जागा नव्हती. होड्यांतून उतरलेल्या लेसिनुसाच्या बायकांनी सरळ परसात शिरून पेरू तोडायला सुरुवात केली, आणि हातुरेसीच्या बायका त्यांना पिकलेले कुठले ते दाखवत हिंडू लागल्या. बाइलेओ म्हणजे गावाच्या बैठकीचं भिंती नसलेलं थोरलं छप्पर. त्याखाली दोन्ही गावं सरमिसळ बसली. समोर लाकडं रचलेली. बाजूला लाल कापडानं झाकलेला फलक. गव्हर्नरच्या कचेरीतला माणूस पहिल्या रांगेत, घामाघूम, बुटांत.

लेफिनुसनं चर्चची घंटा वाजवली. टण, टण, टण. खोट. टण. मग तो ऐंशीच्या वयात जमेल तितक्या घाईनं येऊन खांबाला टेकून बसला. मागच्या रांगेतून याकोमिनाला त्याचं पांढरं डोकं दिसलं. त्यानं आज येऊ नये म्हणून ती सकाळीच त्याच्या घरी गेली होती, आणि उन्हाचं, पायांचं, रक्तदाबाचं निमित्त सांगून पाहिलं होतं. "घंटा काय तू वाजवणार?" म्हणून त्यानं तिला वाटेला लावलं होतं.

ताडीची वाटी फिरली, लेसिनुसाच्या लोकांसाठी शहाळ्याचं पाणी फिरलं. शपथ पुन्हा म्हटली गेली. मग इमाम आणि रौफ पुढे आले. रौफच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. झाकण उघडताच पुढच्या दोन रांगांना लवंगांचा वास आला. राजानं दोन्ही हातांनी डबा घेतला, कपाळाला लावला. फोटो निघाला.

"आता आमची मागणी," इमाम म्हणाला.

राजा मोकळेपणानं हसला. मनातलं काम फत्ते झालं होतं. "मागा की. तुमच्यापुढे काय जास्त आहे?"

रौफनं घसा साफ केला. "जाळायच्या आधी एकदा ऐकवा. इथेच. सगळ्यांना. पेलाच्या नावानं मागतोय."

बाइलेओत पोरांची किलबिलसुद्धा थांबली. राजाची नजर आधी इमामकडे गेली, मग रांगा ओलांडत मागे गाण्याच्या ताफ्याकडे. याकोमिनानं ती चुकवली नाही. तिनं मान ताठ ठेवली.

"आजच्या दिवशी असलं ऐकायचं?" राजा म्हणाला. "तुमच्याच लोकांना त्रास होईल."

"होईल," रौफ म्हणाला. "ते आम्ही बघू."

कचेरीतल्या माणसानं घड्याळ पाहिलं. गावच्या म्हाताऱ्यांपैकी एकानं राजाकडे बघून नुसती मान हलवली. नाही म्हणायची सोय नव्हती. ती वाट राजानंच तीन दिवसांपूर्वी तबक पुढे धरून बंद केली होती.

रौफनं टेपरेकॉर्डर कर्ण्याला जोडला.

आवाज सुरू झाला, आणि लेसिनुसाच्या बायकांनी ओढण्या तोंडाला लावल्या. रौफच्या मावशीची मुलगी खाली बघत होती, पण उठली नाही. कुणीच उठलं नाही. हातुरेसीची माणसं आढ्याकडे, खांबांकडे, स्वतःच्या हातांकडे बघत होती. मग लेफिनुसच्या गळ्याचं वाक्य आलं.

टण, टण, टण. खोट. टण.

तीच घंटा अर्ध्या तासापूर्वी सगळ्यांनी ऐकली होती. शेपाचशे माणसांची डोकी खांबाला टेकून बसलेल्या म्हाताऱ्याकडे वळली. लेफिनुसनं आपल्या तीन बोटांच्या हाताकडे पाहिलं.

"बंद कर रे जरा," तो रौफला म्हणाला, आणि खांब धरून उठला. "हा माझा हात आहे. सहाची घंटा ही. लेसिनुसाला गेलो त्या संध्याकाळी ती वाजवून मी जरा वेळानं खाली उतरलो, तर जुने राजे पायऱ्यांशी उभे होते. माशांची टोपली दिली आणि म्हणाले, आजच्या आज लेसिनुसाला पोचव. मी म्हटलं, सकाळी जातो, तर रागावले."

"ओपा," राजा म्हणाला, "टेप जुनी आहे. आवाज नकलेचा असू शकतो—"

"आवाज असेल बापा कुणाचाही. घंटा कुणाची?"

राजाचा चेहरा बापाच्या मयताच्या दिवशी झाला होता तसा झाला, आणि याकोमिनाला, तिच्या मनात नसताना, त्याची दया आली. त्यालाही हे ठाऊक नव्हतं. त्यानं ती कॅसेट पूर्ण ऐकलीच नव्हती कधी. ऐकायची हिंमत नव्हती म्हणून तर जाळायची घाई होती.

लेफिनुस पाय ओढत टेपरेकॉर्डरपाशी आला. त्यानं कॅसेट बाहेर काढली, उलटसुलट करून पाहिली. "एवढीशी," तो म्हणाला. "पोरं मेली ती यावर. मला म्हणायचे, ओपा, देवानं वाचवलं तुला. मी पण म्हणायचो." त्यानं थांबून श्वास घेतला. "राजा, डबा तुला दिलाय, ठीक आहे. लाकडं तुझी, काडेपेटी तुझी. पण हिच्यात माझं प्रेत आहे. प्रेत घरच्यांनी मागितलं तर द्यावं लागतं. मी माझ्या घरचा शेवटचा माणूस. द्या माझं मला."

कुणी हसलं नाही. राजानं त्याच्याकडे पाहिलं, मग लाल कापडाखालच्या फलकाकडे, मग हातातल्या रिकाम्या डब्याकडे. आणि तो डबा त्यानं म्हाताऱ्यापुढे धरला.

लेफिनुसनं कॅसेट आत ठेवली, सांडलेल्या लवंगा एकेक वेचून वर टाकल्या, झाकण लावलं आणि डबा रौफच्या हातात दिला. "तुमच्याकडेच असू दे. आमच्याकडे वस्तू लवकर हरवतात."

याकोमिना रांग सोडून पुढे आली. तिनं बोलायचं काय ते ठरवलं नव्हतं. "एदु," ती म्हणाली, आणि सगळ्यांसमोर राजाला नावानं हाक मारली म्हणून दोन म्हाताऱ्या कुजबुजल्या. "तो फलक झाकलेलाच राहू दे. माझ्या भावाचं नाव त्या वाक्याखाली नको. नवं वाक्य कोर, मग बोलव मला. पैसे मी देईन, संगमरवराचे."

राजानं मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही, पण फलकाची दोरी ओढायला त्या दिवशी कुणी गेलं नाही. रचलेली लाकडं नंतर मासे भाजायला कामी आली.

त्याआधी मात्र, लोक उठू लागले तसा रौफ मोठ्यानं म्हणाला, "बसा. अजून एक आहे."

तो याकोमिनाकडे वळला. "आता आमची लाव, उसी."

तिनं पिशवीतून दुसरी कॅसेट काढली. सकाळी निघताना ती बरोबर घ्यावी की विसरावी, यावर ती बराच वेळ घुटमळली होती. लेसिनुसाच्या गर्दीत कडेला, खुर्चीवर, तो नव्वदीचा चुलता बसला होता. रौफनंच त्याला हात धरून होडीतून उतरवलं होतं. रौफ जाऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसला, आणि म्हाताऱ्याचा हात त्यानं आपल्या हातात घेतला.

"नक्की?" याकोमिनानं विचारलं.

"लाव," रौफ म्हणाला.

तिनं बटण दाबलं.